१८४४६७४४०७३७०९५५१६१५ : संख्येचे गुण आणि लेखनाचे गुण

व्याकरणाच्या अभ्यासकाला शब्द आणि पदार्थ यांतील भेद अगदी आरंभीच शिकविला जातो. 'घोडा' या शब्दात दोन अक्षरे आहेत आणि घोडा या प्राण्याला चार पाय आहेत. पहिला गुण शब्दाचा, दुसरा पदार्थाचा, आणि या दोहोंची गल्लत कोणी करीत नाही. संख्यांच्या बाबतीत मात्र ही गल्लत सुशिक्षितांकडूनही सर्रास होते. 'पाचात शेवट होणारी संख्या' आणि 'पाचाने भाग जाणारी संख्या' ही दोन वर्णने एकाच दमात उच्चारली जातात, जणू ती एकाच जातीची आहेत. वस्तुतः पहिले वर्णन संख्येच्या दशमान लेखनाचे आहे व दुसरे संख्येचे. लेखनपद्धती बदलली की पहिले नाहीसे होईल. दुसऱ्याला काहीही होणार नाही. एखाद्या मोठ्या संख्येविषयी जे जे सांगितले जाते, त्यापैकी तिचे स्वतःचे किती आणि तिच्या पोशाखाचे किती, हा प्रश्न म्हणून भाषाशास्त्राच्या अभ्यासकालाही आपला वाटावा असा आहे. त्याचा विचार मोघमपणे करण्यापेक्षा एकच संख्या हाती घेऊन करणे बरे. वर शीर्षकात दिलेली वीस अंकी संख्या या कामी फार सोयीची आहे.

ही संख्या म्हणजे दोनाच्या चौसष्टाव्या घातातून एक वजा केल्यावर उरणारी राशी. ती उच्चारावयाची कशी, हीच पहिली अडचण. भास्कराचार्यांच्या लीलावतीत एकपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्यांच्या आधारे ती अशी वाचता येईल : १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६ शत, १ दश आणि ५. निखर्वाचे व कोटीचे स्थान रिक्त असल्याने त्यांचा उच्चार होत नाही. लेखनात जेथे शून्य बसते तेथे वाणी नुसती पुढे सरकते. आजच्या व्यवहारी मराठीत यांपैकी फारच थोडी नावे उरली आहेत. सहस्राच्या जागी फारसीतून आलेला हजार बसला, अयुत व प्रयुत गेले, आणि कोटीच्या पलीकडे गेल्यावर वृत्तपत्रे 'लाख कोटी' असा जोडशब्द वापरून वेळ मारून नेतात. तो जोडशब्द सदोष मुळीच नाही. नवे नाव न घडविता जुन्याच नावांची साखळी लावणे हा सर्व भाषांतील राजमार्ग आहे.

परंतु या संख्येचे खरे नाव मराठीच्या अंगी मुरलेल्या दुसऱ्याच एका रीतीने अधिक चांगले सांगता येते. मराठीत एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस येथपासून एकोणनव्वदपर्यंत प्रत्येक दशकातील अखेरची संख्या पुढील दशकातून 'एक ऊन' अशी सांगितली जाते. केवळ नव्याण्णवाने ही शिस्त मोडली आहे. तेथे 'एकोणशंभर' न होता नव आणि नव्वद यांचा जोड झाला. एकोणीस म्हणणारा माणूस संख्या नुसती सांगत नाही, ती कोणत्या गोल राशीच्या किती जवळ आहे हेही सांगतो. प्रस्तुत संख्याही अशीच 'एकोन' आहे, आणि तिचे जवळजवळ सर्व महत्त्वाचे गुण तिच्या एकोनपणातून निघतात. वीस अंकांच्या लांबलचक लेखनात हा गुण पूर्णपणे झाकला गेला आहे.

तिच्या लौकिक कीर्तीचा उल्लेख थोडक्यात करणे पुरे. बुद्धिबळाच्या पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत गेल्यास चौसष्ट घरांतील दाण्यांची बेरीज ही संख्या होते. गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन चाळीस ग्रॅम धरले तर हा ढीग सुमारे ७३,८०० कोटी टनांचा होईल. जगातील आजचे वार्षिक उत्पादन ८० कोटी टनांच्या आसपास असल्यामुळे नऊशे वर्षांहून अधिक काळाचे पीक त्यात जाईल. अल्-बिरूनीने इ. स. १००० च्या सुमारास लिहिलेल्या कालगणनेवरील ग्रंथात ही बेरीज अचूक दिली आहे. पुढे १८८३ मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने तीन खुंट्यांचे व चकत्यांचे जे कोडे प्रसिद्ध केले, त्यातही चौसष्ट चकत्या हलविण्यास इतक्याच चाली लागतात. सेकंदास एक चाल धरली तरी त्यास ५८,००० कोटींहून अधिक वर्षे लागतील. कोड्यासोबत काशीतील मंदिराची व तेथील पुरोहितांची जी कथा सांगितली जाते ती युरोपात रचलेली आहे. तिचा मूळ संस्कृत आधार शोधण्यात कोणी वेळ दवडू नये.

भारतीय परंपरेतील या संख्येचे खरे घर पुराणकथेत नसून छंदःशास्त्रात आहे. अक्षर लघू असते किंवा गुरू; म्हणून एका अक्षराची रूपे दोन, दोन अक्षरांची चार, तीन अक्षरांची आठ. ज्या पद्याच्या चारही चरणांत मिळून चौसष्ट अक्षरे असतात, म्हणजे प्रत्येक चरण सोळा अक्षरांचा असतो, त्या वर्गाला अष्टी म्हणतात. पंचचामर हे परिचित वृत्त याच वर्गातील. अष्टीच्या सर्व संभाव्य रूपांची संख्या दोनाचा चौसष्टावा घात इतकी भरते. पिंगलाने ही गणना वृत्तभेदांनुसार विभागण्याचीही रीत दिली आहे. चारही चरण सारखे असणारी समवृत्ते ६५,५३६ होतात. त्या संख्येचा वर्ग करून त्यातून तीच संख्या वजा केली की अर्धसमवृत्ते मिळतात, ४२९,४९,०१,७६०. उरलेली सारी विषमवृत्ते, आणि ती १८४४६७४४०६९४१४५८४३२० आहेत. कवींनी प्रत्यक्षात वापरलेली वृत्ते या सागरातील ओंजळभरसुद्धा नाहीत, हे वेगळे सांगावयास नको.

याहून लक्षणीय आहे ती पिंगलाची घात काढण्याची युक्ती. चौसष्ट वेळा दुप्पट करीत बसण्याची गरज नाही. अक्षरसंख्या सम असेल तर ती निम्मी करून एक खूण करावयाची, विषम असेल तर एक वजा करून दुसरी खूण करावयाची, आणि शून्यापाशी पोहोचल्यावर उलट दिशेने येताना एका खुणेपाशी वर्ग व दुसरीपाशी दुप्पट करावयाची. चौसष्टाचे ३२, १६, ८, ४, २, १ असे सहा वेळा अर्ध होते. म्हणून एकदा दुप्पट आणि सहा वर्ग एवढ्यात काम संपते : २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६, १८४४६७४४०७३७०९५५१६१६. अल्-बिरूनीची रीतही वर्ग करीत जाण्याचीच आहे. पिंगलाने आपल्या दोन खुणांना 'द्वि' व 'शून्य' म्हटले आहे. यावरून शून्याच्या अंकाचा शोध त्याच्या पदरात टाकण्याची घाई काही लेखक करतात. सूत्रांवरून सिद्ध होते ते इतकेच, की 'शून्य' हा शब्द तेथे खूण म्हणून आला आहे.

छंदःशास्त्रात 'एकोन' राशीचेही एक स्थान आहे. एका अक्षरापासून त्रेसष्ट अक्षरांपर्यंतच्या सर्व रूपांची बेरीज केली तर ती दोनाच्या चौसष्टाव्या घाताहून दोनाने कमी भरते. तीत ज्याला एकही अक्षर नाही असे एक रिक्त रूप मिळविले की प्रस्तुत संख्या तयार होते. आधुनिक गणिताला हे रिक्त रूप अगत्याचे वाटते; वृत्तकाराला त्याचे काय प्रयोजन?

आता संख्येच्या अंतरंगाकडे वळावे. एका वर्गातून एक वजा केला की उरलेली राशी दोन अवयवांत फुटते : वर्गमुळाहून एक कमी आणि वर्गमुळाहून एक अधिक. दोनाचा चौसष्टावा घात हा वर्ग आहे. म्हणून प्रस्तुत संख्या ४२९४९६७२९५ × ४२९४९६७२९७ इतकी आहे. यांपैकी पहिला अवयव पुन्हा तशाच रूपाचा आहे, म्हणजे वर्गाहून एकाने कमी. त्याचे ६५५३५ × ६५५३७ असे भाग पडतात, ६५५३५ चे २५५ × २५७, २५५ चे १५ × १७, आणि १५ चे ३ × ५. पिंगलाची जी पायऱ्यांची शिडी वर जाताना वर्ग देत होती, तीच खाली येताना अवयव देते. अशा रीतीने ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७ या सहा संख्यांचा गुणाकार म्हणजे आपली संख्या होय.

या सहा संख्यांना फेर्मा-संख्या म्हणतात. यांपैकी कोणत्याही दोहोंत एकाखेरीज समाईक विभाजक असू शकत नाही. कारण प्रत्येकीतून दोन वजा केले असता तिच्या आधीच्या सर्वांचा गुणाकार मिळतो. समाईक विभाजक असलाच तर त्याने दोनालाही भागले पाहिजे, आणि या संख्या तर सर्व विषम आहेत. (येथे 'विषम' हा शब्द गणितातील अर्थाने घ्यावयाचा आहे, वृत्तांच्या संदर्भातील अर्थाने नव्हे, एकाच पारिभाषिक शब्दाने दोन शास्त्रांत चाकरी करावी याचे हे चांगले उदाहरण.) पिएर द फेर्मा याने १६४० च्या सुमाराच्या पत्रांतून असे मत मांडले होते, की या मालिकेतील सर्व संख्या मूळ संख्या आहेत. पहिल्या पाचांविषयी ते खरे आहे. सहावीविषयी ते खोटे आहे हे ऑयलरने १७३२ मध्ये दाखविले : ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७.

हा विभाजक केवळ चिकाटीने भागाकार करून सापडतो असे समजण्याचे कारण नाही. समजा, एखादी मूळ संख्या ४२९४९६७२९७ ला भागते. तर तिने भागले असता दोनाच्या बत्तिसाव्या घाताची बाकी उणे एक राहील आणि चौसष्टाव्याची एक. म्हणजे दोनाच्या घातांच्या बाक्या नेमक्या चौसष्ट पावलांनी मूळपदावर येतात. फेर्माच्याच दुसऱ्या एका प्रमेयानुसार हे आवर्तन त्या मूळ संख्येहून एकाने कमी असलेल्या संख्येला भागलेच पाहिजे. तेव्हा शोध घ्यावयाचा तो चौसष्टाच्या पटीहून एकाने अधिक असलेल्या मूळ संख्यांतच : १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याच प्रयत्नात दार उघडते. फेर्माच्या प्रमेयातून निघणाऱ्या शस्त्रानेच फेर्माचे अनुमान पडले, हा या प्रकरणातील खरा चटका आहे.

६४१ ची पडताळणी तर भागाकार न करताही होते. ६४१ म्हणजे पाच गुणिले १२८ अधिक एक. तसेच ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६, अर्थात पाचाचा चौथा घात अधिक दोनाचा चौथा घात. पहिल्या रूपावरून, ६४१ ने भागता ५ × १२८ ची बाकी उणे एक राहते. १२८ हा दोनाचा सातवा घात असल्यामुळे, दोन्ही बाजूंचा चौथा घात घेतला की पाचाचा चौथा घात गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात याची बाकी एक येते. दुसऱ्या रूपावरून पाचाच्या चौथ्या घाताच्या जागी उणे सोळा ठेवता येतात. सोळा गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात म्हणजे दोनाचा बत्तिसावा घात. म्हणून त्याची बाकी उणे एक, आणि त्यात एक मिळविल्यावर शून्य. दशमान लेखनाचा येथे कोठेही उपयोग केलेला नाही.

अशा प्रकारे संख्येचे पूर्ण विघटन ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७ असे होते. सातही अवयव मूळ व परस्परभिन्न आहेत, म्हणून तिचे विभाजक १२८. तिची शेजारीण, जी तिच्याहून फक्त एकाने मोठी आहे, तिला दोनाखेरीज एकही मूळ अवयव नाही. संख्यांच्या जगात शेजार आणि नाते यांचा संबंध किती थोडा असतो!

यांपैकी पहिल्या पाच फेर्मा-संख्यांना भूमितीतही मान मिळाला. गाउसने १७९६ मध्ये सतरा भुजांची सुसम आकृती केवळ पट्टी व कंपास यांनी काढता येते हे दाखविले. भुजांची संख्या विषम असेल तर ती भिन्नभिन्न मूळ फेर्मा-संख्यांचा गुणाकार असली तरच अशी रचना शक्य होते. ही अट पुरेशी असल्याचे गाउसने सांगितले आणि आवश्यक असल्याचे वांत्सेलने १८३७ मध्ये सिद्ध केले. ज्ञात मूळ फेर्मा-संख्या पाचच असल्याने आज माहीत असलेली अशी सर्वांत मोठी विषम संख्या ४२९४९६७२९५ ही होय, म्हणजे आपल्या संख्येचा वर उल्लेखिलेला पहिला अवयव. दुसरा अवयव ६४१ मुळे बाद झाला.

हेच विघटन आणखी एका अनपेक्षित जागी दिसते. दहाव्या शतकातील हलायुधाने पिंगलसूत्रांवरील टीकेत मेरुप्रस्तार विशद केला आहे : शिखरावर एक, आणि खालच्या प्रत्येक घरात वरच्या दोन घरांची बेरीज. त्यातील संख्या अमुक अक्षरांच्या प्रस्तारात अमुक लघू असलेली रूपे किती, हे सांगतात. या मेरूत विषम संख्येच्या जागी १ आणि समाच्या जागी ० लिहून प्रत्येक ओळ द्विमान पद्धतीने वाचली, तर क्रमाने १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५ अशा संख्या मिळतात. सहावी ओळ १, ५, १०, १०, ५, १ अशी आहे; तिचे ११००११ होते, म्हणजे ५१, अर्थात ३ × १७. आठवी ओळ १, ७, २१, ३५, ३५, २१, ७, १ ही संपूर्ण विषम आहे. ती २५५ देते. चौसष्टावी ओळही संपूर्ण विषम असते, आणि तिचे चौसष्ट एकक म्हणजे प्रस्तुत संख्याच. हा योगायोग नव्हे. सम-विषमापुरता विचार केला तर द्विपदीचा वर्ग म्हणजे तिच्या दोन पदांच्या वर्गांची बेरीज, कारण मधले पद नेहमी सम असते. म्हणून त्रेसष्टावा घात सहा साध्या द्विपदींच्या गुणाकारात मोडतो, आणि त्या सहा द्विपदींत दोन ही किंमत घातली की ३, ५, १७, २५७, ६५५३७, ४२९४९६७२९७ हेच अवयव बाहेर पडतात.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येता येईल. द्विमान लेखनात ही संख्या चौसष्ट वेळा एक अशी दिसते, आणि त्या लेखनात तिचे पहिले विघटन डोळ्यांनाच दिसते : बत्तीस एककांचा गट दोनदा आला आहे. दशमान लेखनात यातले काही दिसत नाही. उलट तेथे दुसऱ्याच गोष्टी नजरेत भरतात. उदाहरणार्थ, केवळ दोनाच्या दुपटीतून जन्मलेल्या या संख्येच्या वीस अंकांत २ हा अंक एकदाही येत नाही. ही गंमत खरी आहे, परंतु ती संख्येविषयी काहीही सांगत नाही. वीस अंकांची बेरीज ८७ आहे. ८७ ला तिनाने भाग जातो, नवाने जात नाही, म्हणून संख्येचेही तसेच. येथे लेखनाचा गुण संख्येच्या गुणाची साक्ष देतो, कारण दहाला तिनाने किंवा नवाने भागता बाकी एक राहते. साक्ष विश्वसनीय असली तरी साक्षीदार म्हणजे घटना नव्हे.

या संदर्भात देवळालीचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या कार्याचा विचार अपरिहार्य ठरतो. ६१७४ ही त्यांची संख्या प्रसिद्धच आहे : सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेल्यास फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते, आणि ७६४१ मधून १४६७ वजा केल्यावर पुन्हा तीच. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला भाग जातो तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटले. प्रस्तुत संख्या हर्षद नाही. ८७ चा एक अवयव २९ आहे आणि तो तिच्या सात अवयवांत नाही. द्विमान लेखनातही ती हर्षद ठरत नाही, कारण तेथे अंकांची बेरीज ६४ व संख्या विषम. कापरेकरांचे संशोधन लेखनाच्या गुणांचे होते, म्हणून त्याला केवळ करमणूक ठरविण्याची प्रवृत्ती एकेकाळी गणितज्ञांत होती. हा निवाडा योग्य वाटत नाही. लेखनपद्धती ही देखील एक नियमबद्ध रचना आहे, आणि तिच्या नियमांचे परिणाम शोधणे हे शास्त्रच होय. शब्दाच्या ध्वनिरूपाचा अभ्यास अर्थाचा अभ्यास नाही म्हणून कोणी ध्वनिशास्त्राला मोडीत काढीत नाही. आक्षेप घ्यावयाचा तो दोन गुणांच्या सरमिसळीला.

पिंगलाच्या प्रस्तारालाही हीच कसोटी लावावी. प्रस्ताराची पहिली ओळ सर्वगुरू असते व अखेरची सर्वलघू. गुरूला शून्य व लघूला एक मानून, पहिले अक्षर एकं स्थानी धरले, तर प्रत्येक रूपाचा क्रमांक त्याच्या द्विमान वाचनाहून एकाने अधिक येतो. चौसष्ट लघूंचे रूप म्हणजे प्रस्तुत संख्येचे लेखनच. रूपावरून क्रमांक आणि क्रमांकावरून रूप काढण्याच्या रीती पिंगलाजवळ होत्या. मात्र लघु-गुरूंच्या रांगांची बेरीज-वजाबाकी त्याने केलेली नाही. तेव्हा तेथे द्विमान संकेतन आहे, द्विमान अंकगणित नाही, असे म्हणणे न्याय्य होईल.

द्विमान अंकगणित आजच्या संगणकात आहे, आणि तेथे या संख्येला एक चमत्कारिक जुळे भावंड लाभले आहे. चौसष्ट स्थानांच्या यंत्रात मावणारी ही सर्वांत मोठी ऋणेतर संख्या. तीत एक मिळविला की पासष्टावे स्थान नसल्यामुळे हातचा गळून पडतो व सर्वत्र शून्ये उरतात. ज्यात एक मिळविला असता शून्य येते ती राशी म्हणजे उणे एक. म्हणून यंत्रात चौसष्ट एककांची तीच रांग एका वाचनात १८४४६७४४०७३७०९५५१६१५ असते आणि दुसऱ्या वाचनात उणे एक; कोणते वाचन अभिप्रेत आहे हे रांग सांगत नाही, संदर्भ सांगतो. व्याकरणात अशा शब्दांना भिन्नार्थी समरूप शब्द म्हणतात. येथे मात्र दोन्ही अर्थांत खरे नाते आहे, कारण दोहोंतील अंतर बरोबर दोनाचा चौसष्टावा घात इतके आहे. त्यामुळेच या वीस अंकी संख्येला तिनेच गुणून, येणाऱ्या प्रचंड गुणाकाराला दोनाच्या चौसष्टाव्या घाताने भागले, तर बाकी एक राहते.